सगळ्यांचे आबा, माझे आबा

पत्र:

ताई, नमस्कार.

माझे आजोबा चार महिन्यांपूर्वी गेले. ९४ वर्षांचे होते. शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या कपड्यांच्या घड्या स्वतः घालत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि घराबाहेरचेही सगळे आबाच म्हणायचे. लोकांचे अर्ज भरून देणं, कुणाला दवाखान्यात नेणं, वाचनालयाचा हिशोब, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं मिटवणं, यात त्यांची पन्नास-साठ वर्षं गेली. पुढच्या महिन्यात वाचनालयात त्यांच्या आठवणींची सभा आहे. मी बोलावं आणि एक छोटी पुस्तिकाही लिहावी असं घरात ठरलंय. मी ३१ वर्षांची, त्यातली २२ वर्षं त्यांच्या घरात वाढले. तीन पानं लिहिली. परोपकारी, निःस्वार्थ, अजातशत्रू, दीपस्तंभ. बाबांना वाचायला दिली. ते म्हणाले, “छान झालंय. पण हा माणूस कोण?” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “माझा शाळेचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी आबा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाजवळ दवाखान्यात बसले होते. हे लिहिणार आहेस का?” मला उत्तर सुचलं नाही.

आणि अजून एक. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, भरपूर जगले, सोनं झालं. ते खरंच आहे. मग मला अजून रडू का येतं?

तुमची,
सगळ्यांच्या आबांची नात

ता. क. आबांच्या खिशात कायम दोन पेनं असायची. एक त्यांचं, दुसरं लोकांना द्यायचं. दुसऱ्याला दोरा बांधून त्याचं टोक सदऱ्याच्या काजात अडकवलेलं असायचं. अंगठा उठवणारं कुणी अर्ज घेऊन आलं की आधी त्यांच्याकडून त्यांचं नाव गिरवून घ्यायचे. “अर्ज कुठे पळून जात नाही,” म्हणायचे. ते पेन आता माझ्याकडे आहे. आबांचे एक मित्र आहेत, ९१ वर्षांचे. दर रविवारी घरी फोन करतात, “सगळे बरे ना?” विचारतात आणि ठेवून देतात. त्यांच्याशी काय बोलावं तेही कळत नाही.

उत्तर:

तुझ्या रडण्यापासून सुरुवात करते. तू तो प्रश्न ‘आणि अजून एक’ म्हणून शेवटी ढकललास, पण पत्रभर मला तोच दिसला.

म्हातारं माणूस गेलं की बोलायची वाक्यं आपल्या तोंडात तयार असतात. पिकलं पान गळायचंच. सोनं झालं. कुणाला त्रास न देता गेले. म्हणणाऱ्याला तुला सावरायचं असतं आणि त्याच्या हाताशी तेवढंच असतं, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. पण ही सगळी वाक्यं आबांच्या आयुष्याबद्दलची आहेत, तुझ्याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. आबा ९४ वर्षं जगले, याचा तुझ्यापुरता अर्थ असा की तुझ्या जन्मापासून चार महिन्यांपूर्वीपर्यंत आबा नाहीत असा एकही दिवस उगवला नव्हता. ते लवकर गेले असते तर त्यांच्याशिवाय जगायची सवय तुला लहानपणीच लागली असती. ती सवय तू आता एकतिसाव्या वर्षी लावून घेते आहेस. चार महिने म्हणजे काहीच नाहीत. रड.

कुणी तुला शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सांगितल्या आणि तू कितव्या पायरीवर आहेस ते विचारलं, तर एक गोष्ट माहीत असू दे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या माथी ते वेळापत्रक नंतर मारलं गेलं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये लिहिलं होतं की गेलेल्या माणसात अडकलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम. पुढे १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी गेली. १९२९ मध्ये, ती असती तर ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने मुलगा गमावलेल्या आपल्या मित्राला, लुडविग बिन्सवांगरला, पत्र लिहिलं. तीव्र दुःख ओसरतं, पण ती जागा कशानेही भरली तरी वेगळीच राहते, आणि तसंच असायला हवं, अशा अर्थाचं ते पत्र आहे. सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीपाशी थांबावं लागलं. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी तर सरळ मांडलं की गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडावं लागत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार असं काही नाही. ती सभा, ती पुस्तिका हे तुझं ते चालू राहिलेलं नातं आहे. म्हणूनच ते घाईने उरकल्यासारखं झालं की तुला टोचतं.

आता त्या तीन पानांकडे येते.

तुझे बाबा म्हणाले, “हा माणूस कोण?” इतकं चांगलं संपादन मी बरेच दिवसांत पाहिलं नाही. परोपकारी, निःस्वार्थ, अजातशत्रू हे शब्द खोटे नाहीत. पण ते कोणत्याही भल्या म्हाताऱ्याच्या अंगावर बसतात, आणि जे सगळ्यांना बसतं त्यात आबा कुठेच दिसत नाहीत. मजा बघ, तीन पानांत जे तुला सापडलं नाही ते तू ता. क. मध्ये सहज लिहून गेलीस. दोरा बांधलेलं पेन. सदऱ्याचं काज. “अर्ज कुठे पळून जात नाही.” एवढ्यावरून मला तो माणूस दिसला, मी त्यांना कधी भेटले नसताना.

त्या पेनापाशी अजून थोडं थांब. दोरा किती लांब आहे? मोजलास का? तो हातभर असेल तर त्या पेनाने लिहिणाऱ्याला आबांच्या अगदी शेजारी बसावं लागत असणार, उभ्या उभ्या सही करून निघून जाता येत नसणार. पेन कुणी विसरून घेऊन जाऊ नये म्हणून तो दोरा होता, की माणूस घटकाभर शेजारी बसावा म्हणून? मला माहीत नाही. तुलाही बहुतेक नसेल. पण त्या पेनाने नाव गिरवलेलं कुणी ना कुणी तुझ्या आसपास अजून आहे, आणि त्याला ते नक्की आठवत असेल. त्याच्याकडे जा. पुस्तिका तिथून सुरू होईल.

मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. जो माणूस अनेकांसाठी जगला तो एका घरात अख्खा सापडत नाही. तुझ्याकडे आहेत ते संध्याकाळी घरी परतलेले आबा. दुपारचे आबा लोकांकडे आहेत. दवाखान्याच्या बाकावरचे आबा त्या मुलाकडे आहेत, आणि तो मुलगा आता तुझ्या बाबांच्या वयाचा असेल. तरुण आबा तर बहुधा एकट्या त्या ९१ वर्षांच्या मित्राकडे उरलेत. तू स्वतःच्या डोक्यातून सगळं काढायला बसलीस, म्हणून विशेषणांवर वेळ आली. लिहायला बसू नकोस एवढ्यात. आधी विचारायला निघ.

हे काम करायची एक रीत आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराने १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लोकांच्या तोंडच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जपण्याचं काम सुरू केलं. सुरुवातीला तिथे बड्या लोकांच्याच मुलाखती व्हायच्या, मग जगभर हे काम साध्या माणसांपर्यंत पोचलं. या कामात मुरलेली माणसं जे करतात त्यातलं तुझ्या उपयोगाचं सांगते.

सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे सर्वांत आधी जायचं. सोयीने, जवळून दूर, ओळखीचे ते अनोळखी असा क्रम लावू नकोस. वय बघून लाव.

“आबा कसे होते हो?” असं विचारायचं नाही. या प्रश्नाला उत्तर ‘देवमाणूस’ असंच येतं आणि तिथेच बोलणं संपतं. विचार, पहिल्यांदा कुठे भेटलात? तुम्ही कशासाठी गेला होता? ते काय करत होते तेव्हा? काय म्हणाले, तस्संच सांगाल का त्यांच्या शब्दांत? चिडायचे का? कशावरून? तुमचं कधी बिनसलं का? शेवटचा प्रश्न जरूर विचार. ज्यांचं आबांशी एकदा तरी वाजलं त्यांच्याकडून आबा जास्त खरे कळतील.

आणि उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनातल्या मनात दहापर्यंत मोज. म्हातारी माणसं थांबतात, खिडकीबाहेर बघतात, आणि मग जे बोलतात ते सोनं असतं. आपण मध्येच घुसलो की ते परत येत नाही. पेन सोबत ने, जुना फोटो ने. हातात वस्तू आली की आठवण वेगळ्या वाटेने येते. नव्वदीतला माणूस कालचं विसरेल आणि वीस वर्षांचा असतानाचं तासभर सांगेल. मानसशास्त्रातही हे दिसलेलं आहे, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत दाट उरतात. तेव्हा तुला हवे असलेले वाचनालयाचे दिवस सोडून ते आधीच्याच कुठल्या काळात शिरले, तर त्यांना ओढून परत आणू नकोस. तू ज्या आबांना पाहूच शकली नसतीस ते तिथे आहेत. तेच तेच सांगत असतील तरी ऐक. रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की उतारवयात गेलेलं आयुष्य पुन्हा पुन्हा चाळणं ही मनाची नैसर्गिक गरज आहे, त्याला भ्रमिष्टपणा समजू नये.

फोनवर ध्वनिमुद्रण कर, पण विचारून. ते चालू असल्याचं लपवू नकोस. फोन विमान मोडवर टाक, नाहीतर नेमका मोक्याच्या क्षणी वाजतो. पंखा बंद करता आला तर कर, फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेव, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते स्वतःच्या आवाजात सांग. तासाभरापेक्षा जास्त बसू नकोस, ती माणसं दमतात आणि दमल्याचं सांगत नाहीत. त्याच रात्री अर्धा तास काढून, जे आवाजात आलं नसेल ते वहीत लिही: त्यांनी हात कसा हलवला, कुठे आवाज बसला, जाताना दारात काय म्हणाले. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं पहिल्या काही तासांत सगळ्यांत वेगाने होतं. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलंस तर अर्धं गेलेलं असेल.

दोन माणसं एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतील. एक म्हणेल पाऊस होता, दुसरा म्हणेल कडक ऊन. घाबरू नकोस. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नसते, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. न्यायाधीश होऊ नकोस, दोन्ही लिही, कुणी सांगितलं तेही लिही.

यात एक पथ्य आहे, आणि ते मी तुला विनंती म्हणून सांगत नाही, पाळच म्हणून सांगते. आबांकडे जी माणसं आली ती अडचणीत असताना आली. कुणाला लिहिता येत नव्हतं, कुणाच्या घरात भांडण होतं, कुणाजवळ औषधाला पैसे नव्हते. आबांनी ते गावभर सांगितलं असेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. त्यांनी जे पोटात ठेवलं ते त्यांचं गुणगान करताना आपण उघड्यावर मांडायचं नाही. प्रत्येकाला छापण्यापूर्वी त्याचा मजकूर वाचून दाखव. नाव नको म्हणाले तर नाव काढ. प्रसंगच नको म्हणाले तर प्रसंग काढ, कितीही सुंदर असला तरी. नाव गिरवायला शिकलेल्या बाईंना स्वतःहून सभेत उभं राहून सांगावंसं वाटलं तर त्यासारखं काही नाही, पण तो निर्णय त्यांचा.

आता बाबा.

तू लिहितेस, “मला उत्तर सुचलं नाही.” बरं झालं. “जाऊ दे ना बाबा, किती लोकांचं भलं झालं बघ,” असं तू म्हणाली असतीस तर ते पुन्हा कधी बोलले नसते. बाबांनी तुझ्याकडे तक्रार केलेली नाही. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदा त्यांनी तो दिवस कुणाला तरी सांगितला, आणि तुझी पानं वाचून सांगितला, म्हणजे त्या पानांत त्यांना स्वतःसाठी जागा शोधायची होती. निकाल हातात घेऊन घरी आलेला मुलगा, आणि ज्याला तो दाखवायचा तो माणूस घरात नाही. हे मी दोनदा वाचलं.

दिवसाचे तास आबांनाही चोवीसच होते. त्यांनी लोकांना दिलेला वेळ कुठून तरी आला, आणि तो घरातून आला. जेव्हा जेव्हा आबा कुणाच्या तरी उशाशी बसले तेव्हा घरात कुणीतरी त्यांची वाट बघत बसलं होतं. तू आजीचं पत्रात नाव काढलं नाहीस. पन्नास-साठ वर्षं अवेळी दार वाजायचं तेव्हा ते उघडायचं कोण? आबा घरी नसताना आलेल्या माणसाला बसवून निरोप कोण घ्यायचं? आजी असतील तर त्यांना विचार. नसतील तर बाबांना विचार, त्यांच्या भावंडांना विचार. आबांच्या समाजकार्यात घरच्यांनी जे घातलं त्याचा हिशोब वाचनालयाच्या वहीत नसणार.

माझ्या स्वतःच्या आजोबांच्या सभेत सात भाषणं झाली होती. सगळ्यांनी त्यांना इतकं उंच नेऊन बसवलं की माझी आत्या मधूनच उठून बाहेर गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी ती म्हणाली, “तिथे ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांना मी ओळखतच नव्हते, मला माझे वडील हवे होते.” त्या सात भाषणांतलं मला आज एकच आठवतं. एक गृहस्थ उभे राहिले आणि इतकंच म्हणाले की मी रात्रपाळीहून उशिरा यायचो, जिन्यात अंधार असायचा, तर हे पायरीवर कंदील ठेवायचे, आणि मी आलो की आतून वात कमी केल्याचा आवाज यायचा, म्हणजे ते जागे असायचे. बसले खाली. आत्या तेव्हा सभागृहात नव्हती. ती असायला हवी होती.

म्हणून, बाबांची मुलाखत पण घे. लेक म्हणून गप्पा मारू नकोस, बाकीच्यांसारखी नीट वेळ ठरवून, फोन समोर ठेवून घे. त्या निकालाच्या दिवसाचं विचार: आबा घरी किती वाजता आले, आल्यावर काय म्हणाले, निकाल पाहिला का, कधी पाहिला. कदाचित त्यातून काहीतरी मऊ निघेल, कदाचित काहीच निघणार नाही आणि ते तसंच दुखरं राहील. दोन्हीची तयारी ठेव. आबांची बाजू तू घेऊ नकोस. पुस्तिकेत तो प्रसंग घ्यायचा की नाही हे बाबांनीच ठरवावं. मला विचारशील तर घ्यावा, दोन-तीन ओळींत, सारवासारव न करता. त्याने आबा लहान होणार नाहीत. वाचणाऱ्याला पहिल्यांदा कळेल की त्या चांगुलपणाची किंमत होती आणि ती कोणी मोजली.

पुढच्या पिढीसाठीही हेच बरं. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना वीस प्रश्नांची यादी दिली होती: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, हे तुला माहीत आहे का? ज्या मुलांना घरच्या गोष्टी जास्त ठाऊक होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. एकामुळे दुसरं घडलं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण त्यांच्या कामातून एक गोष्ट मला पटली: आपलं घर नेहमी चढतच गेलं, अशी गोष्ट मुलांच्या फार कामी येत नाही. चढलो, पडलो, पुन्हा उभे राहिलो, ही येते. तुझ्या घरातली लहान मुलं ही पुस्तिका पंधरा वर्षांनी उघडतील. त्यांना दीपस्तंभ कशाला देतेस? माणूस दे.

आबांच्या कागदांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण असतीलच. वह्या, याद्या, पावत्या, पाठकोऱ्या कागदांवरचे हिशोब. घर आवरणारं कुणीतरी उत्साहाने ते रद्दीत घालण्याआधी एका खोक्यात भर आणि खोक्यावर ‘हात लावू नये’ लिही. वरवर फालतू वाटणारा कागद पुष्कळदा जास्त बोलतो: सन्मानपत्रावर आबांबद्दल लोकांची भाषा असते, यादीत आबांची स्वतःची. पिना आणि स्टेपल गंजून कागद खातात, त्या हलक्या हाताने काढ. गुळगुळीत पावत्यांवरचा मजकूर उडून जातो, त्यांचे फोटो आधी काढ. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नकोस, फाटतात, आहेत तिथेच त्यांची छायाचित्रं घे. सुट्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलने, जोर न देता, कोण कोण आहे ते लिही. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून उठतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नकोस, केलं की परत निघत नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके, इतक्या बारकाईने) कर, आणि सगळ्याच्या तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी. त्या वह्यांत इतर लोकांच्या खासगी गोष्टी निघाल्या तर त्या वहीला वरचंच पथ्य लागू.

सभेतलं भाषण त्या मानाने सोपं आहे. दहा मिनिटं पुरेत. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एका चौकटीत टाक आणि भाषणातून काढून टाक, तिथे बसलेल्यांना ते माहीत असतं. तीन प्रसंग सांग. एक तुझा, एक बाबांना विचारून त्यांचा, एक दुसऱ्या कुणाचा. तुझा स्वतःचा प्रसंग संकोचाने वगळू नकोस. सगळे त्यांना आबा म्हणायचे हे खरं, पण २२ वर्षं त्यांच्या घड्या घातलेल्या कपड्यांशेजारी तुझे कपडे होते. त्याच्यावर तुझा हक्क आहे आणि तो सांगताना लाजायचं कारण नाही. घरी दोनदा मोठ्याने वाचून बघ. जिथे गळा दाटतो ती जागा कागदावर खूण करून ठेव, तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, पुढे वाचायचं. कुणी घाई करणार नाही.

सभेनंतर लोक म्हणतील, “आता आबांचं काम तू पुढे चालव.” तेव्हा लगेच हो म्हणू नकोस. त्यांनी साठ वर्षांत वाढवलेलं तू एका संध्याकाळी अंगावर घेऊ शकत नाहीस, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस.

राहिले ते रविवारचे आजोबा. त्यांच्याशी काय बोलावं कळत नाही, म्हणालीस. मला वाटतं त्यांनाही कळत नाही, म्हणूनच ते दोन शब्द विचारून फोन ठेवतात. ते घरचं कुणी नाहीत, त्यामुळे त्यांच्या दुःखाची विचारपूस करायला त्यांच्या दारी कुणी आलं नसेल. साठ-सत्तर वर्षांचा मित्र गेलाय त्यांचा. आपल्या तरुणपणाला साक्षी असलेला बहुधा शेवटचा माणूस. मी माझ्या आजोबांच्या एका मित्राकडे ‘पुढच्या सुट्टीत जाऊ’ म्हणत तीन सुट्ट्या घालवल्या होत्या. चौथ्या सुट्टीत जायला ते राहिले नव्हते. त्यांच्याजवळ काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

तू येत्या रविवारच्या फोनची वाट बघू नकोस. हे वाचून झालं की तूच फोन लाव. “सगळे बरे ना?” म्हणाले तर या वेळी खरं उत्तर दे, बरे नाही आहोत, आबांची फार आठवण येते, तुम्हाला भेटायला येऊ का, असं विचार. आणि जाशील तेव्हा ते पेन दोऱ्यासकट सोबत ने, त्यांच्या हातात दे, आणि गप्प बस.